दास कसा सुटे?

मृत्युपत्र म्हटले की आपल्या मनात काय येते? शेत कुणाला, घर कुणाला, विहिरीचे पाणी कसे वाटायचे, आईच्या अंगावरची पुतळ्यांची माळ कोणत्या सुनेला, हेच ना? माणूस आपल्या पाठीमागे आपल्या वस्तूंची व्यवस्था लावून ठेवतो, तिला आपण मृत्युपत्र म्हणतो. पण मंडळी, एक काळ असा होता की त्या वस्तूंमध्ये माणसेही मोजली जात. शेताबरोबर, गुरांबरोबर दासदासीही बापाकडून मुलाकडे जात. आणि मग एखादा दयाळू धनी मरताना सांगून जाई, "माझ्या पश्चात हा मोकळा."

एवढे म्हटले की तो माणूस खरोखर मोकळा होई का? कायद्याच्या त्यासाठी काय अटी होत्या? कोण आडवे येऊ शके? आजच्या लेखात आपल्याला हे पाहायचे आहे. कुणी म्हणेल, हा जुना विषय आता कशाला उकरायचा? त्याचे उत्तर असे की "मला येथून जायला कुणाची परवानगी लागते?" हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. चाकण, पिंपरी-चिंचवडच्या भोवताली जे हजारो मजूर बाहेरगावाहून पोटासाठी येतात, त्यांतल्या एखाद्याच्या तोंडी तो आजही येऊ शकतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गुलामगिरी म्हणजे अमेरिकेतली गोष्ट, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तसे नाही. पेशवाईतील कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द जागोजागी येतो. येथे त्याचा अर्थ कुणब्याची बायको असा घ्यायचा नाही बरं का. तेथे त्याचा अर्थ विकत घेतलेली किंवा सरकारात ताब्यात आलेली दासी. 'बटीक' हा दुसरा शब्द. आज तो भांडणात शिवी म्हणून ऐकू येतो, पण त्या काळी ती एक कायदेशीर अवस्था होती. दुष्काळात आईबापांनी विकलेली मुलगी, लढाईत धरून आणलेली बाई, वाईट चालीचा आरोप ठेवून सरकारने दासी केलेली स्त्री आणि कुणबिणीच्या पोटी जन्मलेले लेकरू, अशा नाना वाटांनी ही माणसे त्या अवस्थेत येत. सरकारी कोठीत, गोठ्यात, पागेत, मुदपाकखान्यात त्या राबत. खाजगी वाड्यांतही राबत. त्यांची खरेदी होई आणि त्या बक्षीसही दिल्या जात.

याला अपवाद नव्हता असे मात्र नाही. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी डच कंपनीला व्यापाराच्या सवलती दिल्या, तेव्हा आपल्या अमलाखालच्या त्या मुलखात स्त्रीपुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करायची नाही, अशी स्पष्ट अट घातली. शाळेतल्या गुरुजनांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दास सुटे कसा?

आपल्या भागात वारसा, वाटणी यांसाठी 'मिताक्षरा' हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने कल्याणच्या चालुक्यांच्या दरबारी तो लिहिला. हे कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. दासांच्या बाबतीत हा ग्रंथ नारदस्मृतीचा आधार घेतो. नारदाने दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. दुष्काळात पोसलेला दास गाईंची जोडी देऊन सुटे. कर्जापायी दास झालेला माणूस व्याजासह कर्ज फेडून सुटे. पण घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दानात मिळालेला आणि वारशाने आलेला, हे चौघे धन्याची मर्जी झाल्याशिवाय सुटत नसत. धन्याचा जीव संकटातून वाचवला तर मात्र दास मोकळा होई आणि त्याला मुलासारखा वाटाही मिळे.

धन्याची मर्जी झाली, तर ती दाखवायची कशी? त्याचा एक विधी होता. दासाच्या खांद्यावरची पाण्याची घागर धनी आपल्या हाताने उतरवून घेई आणि फोडून टाकी. मग अक्षता-फुले घातलेले पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडून तीन वेळा म्हणे, "अदास." म्हणजे हा आता दास नाही. त्यानंतर त्याला पूर्वेकडे तोंड करून निरोप द्यायचा. घागर फोडण्यामागचा अर्थ उघड आहे. पाणी वाहणे हे दासाचे रोजचे काम. ती घागर पुन्हा त्याच्या खांद्यावर येणार नाही, हे चार लोकांनी डोळ्यांनी पाहावे. लिहिता-वाचता येणारे थोडे होते, तेव्हा पाहणाऱ्यांची आठवण हाच दस्तऐवज.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. हा विधी धन्याने जिवंतपणी, आपल्या हाताने करायचा आहे. मृत्युपत्राचा येथे उल्लेख नाही. त्याचे कारण आपल्या जुन्या वारसाशास्त्रात आहे. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. मग बापाने मरताना एकट्याच्या मर्जीने ती कुणाला तरी देऊन टाकावी, याला जागा कशी राहणार? म्हणून दान होते, वाटणी होती, पण आजच्या अर्थाचे मृत्युपत्र नव्हते. धन्याने घागर फोडायची राहून गेली आणि तो वारला, की दास मुलांच्या वाट्याला जाई. 'वारशाने आलेला दास' हा नारदाचा प्रकार तो हाच.

पेशवाईतही सुटका होई, पण ती अर्जविनंतीने. कुणबीण म्हातारी झाली, काम होईना, तर तिला सोडत. कधी पैसे भरून घेऊन सोडत. कधी तिच्या बदली दुसरी मुलगी आणून दिली म्हणजे सोडत. विचार करा, एकीची सुटका व्हावी म्हणून दुसरीने तेथे उभे राहायचे! घराला एक दासी हवी हे कायमच राही. नाव तेवढे बदले.

मरतेवेळच्या शब्दाने दास मुक्त करण्याची पद्धत आपल्या मुलखात आली ती सुलतानांच्या अमलात. चाकणचा संग्रामदुर्ग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली तो शाइस्तेखानाविरुद्ध लढवला, हे आपण जाणतो. त्यापूर्वी हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. त्या राज्यात हबशी गुलाम फार. इस्लामी कायद्यात धनी गुलामाला सांगू शके, "मी मेल्यावर तू मोकळा." अशा गुलामाला 'मुदब्बर' म्हणत. हनफी मताप्रमाणे हा शब्द एकदा दिला की त्या गुलामाला विकता येत नसे. दासीला धन्यापासून मूल झाले, तर धन्याच्या मृत्यूबरोबर ती आपोआप मोकळी होई. मात्र मुदब्बरच्या वाटेत दोन अडथळे होते. पहिला असा की धन्याचे कर्ज आधी फिटले पाहिजे. दुसरा असा की मृत्युपत्राने माणूस आपल्या मिळकतीचा फक्त तिसरा हिस्सा देऊ शकतो, बाकीचा वारसांचा. गुलामाची किंमत त्या तिसऱ्या हिश्शात बसली तर ठीक. नाही बसली, तर वरच्या रकमेइतके काम करून त्याने ती वारसांना फेडायची.

याच राज्यातला मलिक अंबर घ्या. आफ्रिकेतील हबसाणात जन्मलेला हा मुलगा विकत विकत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्याकडे आला. चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. १५७४-७५ च्या सुमारास तो वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले, असे इतिहासकार सांगतात. पुढे हाच अंबर निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले, जमीनमहसुलाची व्यवस्था लावली आणि १६१० साली खडकी शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. एवढा कर्तबगार माणूस! पण त्याच्या आयुष्याची कळ एका बाईच्या होकारावर होती. ती नाही म्हणाली असती, तर? ज्यांना कुणी हो म्हटले नाही असे किती अंबर होऊन गेले असतील, त्यांची नोंद कुठल्याच बखरीत नाही.

आता कोकण उतरून गोव्यात जाऊ, कारण लेखी मृत्युपत्राचा कायदा तेथे पोर्तुगिजांनी आणला. १६०३ सालची त्यांची संहिता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे लागू होती. गोव्याच्या सुखवस्तू घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम असत. धन्याला मृत्युपत्राने गुलाम मुक्त करायचा असेल, तर ते मृत्युपत्र आधी कायद्याने पक्के हवे. लेखनिक अधिकाऱ्यासमोर करायचे तर पाच साक्षीदार. मरणाच्या दारात तोंडी सांगायचे तर सहा. मुलेबाळे असतील तर येथेही धन्याच्या हातात तिसराच हिस्सा, आणि गुलामाची सुटका त्यात बसली पाहिजे. शिवाय धनी अटी घालू शके. माझ्या बायकोची हयातभर सेवा कर, मग मोकळा हो, असे लिहिता येई. सर्वांत जाचक कलम शेवटचे. मुक्त झालेला माणूस कृतघ्नपणे वागला, तर दिलेली मुक्ती परत घेता येत असे! म्हणजे सुटल्यावरही मान वर करून बोलायची चोरी.

या कायद्याचे मूळ रोमन लोकांत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन धनी मृत्युपत्राने भराभर गुलाम मुक्त करू लागले, तेव्हा तेथील सरकारनेच लगाम घातला. इ. स. पूर्व २ सालच्या कायद्याने प्रमाण ठरवले. दहापर्यंत गुलाम असतील तर निम्मे सोडा, तीसपर्यंत असतील तर तिसरा हिस्सा, आणि कितीही असले तरी शंभरापेक्षा जास्त नाही. प्रत्येकाचे नावही मृत्युपत्रात लिहिलेले हवे. पुढे इ. स. ४ साली दुसरा कायदा आला. धनी वीस वर्षांच्या आतला असेल, किंवा सावकारांना बुडवण्यासाठी गुलाम मुक्त केले असतील, तर साधी इच्छा पुरत नसे.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे उदाहरण तर शाळेत सांगण्यासारखे आहे. १७९९ सालच्या मृत्युपत्रात त्यांनी आपले १२३ गुलाम पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत असे लिहिले. म्हाताऱ्यांना पोसावे, पोरक्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे, असेही लिहिले. पण त्यांच्याच शेतावर राबणारे आणखी १५३ गुलाम पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतले होते. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षालाही नव्हता. ते वारसांकडे गेले. एकाच शेतावर, एकाच चुलीभोवती बसलेल्या माणसांतले काही सुटले आणि काही अडकले, ते केवळ कागदावरच्या मालकीमुळे. त्या देशातील गुलामगिरी संपल्यावर पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ती संपवणाऱ्या अमेरिकन लोकांना ते अर्पण केले, हे आपल्याला ठाऊक आहे.

तर मंडळी, देश वेगळे, धर्म वेगळे, पण गाठी त्याच. पहिली गाठ कर्जाची: धन्याचे देणे आधी, माणसाची मोकळीक मागून. दुसरी वारसांची: त्यांचा हिस्सा बुडता कामा नये. तिसरी पुराव्याची: घागर कुणी फुटताना पाहिली, कागद कुठे आहे, साक्षीदार जिवंत आहेत का? आणि हा पुरावा द्यायचा कुणी? ज्याच्यापाशी ना पैसा, ना ओळख, ना अक्षर, त्या सुटलेल्या माणसाने. दया करणारा धनी कितीही मोठ्या मनाचा असो, माणूस ही वस्तू आहे हे त्या दयेतही गृहीतच धरलेले होते.

ही गाठ आपल्या देशात प्रथम सैल झाली ती १८४३ सालच्या पाचव्या कायद्याने. हा कायदा अवघा चार कलमांचा. पहिले कलम: सरकारी अंमलदाराने कर्जवसुलीसाठी किंवा साऱ्यासाठी कुणाला गुलाम म्हणून विकायचे नाही. दुसरे: अमका माझा गुलाम आहे, असा हक्क कुठल्याही कोर्टात चालणार नाही. तिसरे: कुणी स्वतःच्या मेहनतीने, वारशाने, बक्षिसाने किंवा मृत्युपत्राने मिळकत मिळवली असेल, तर तो गुलाम होता या सबबीवर ती हिसकावता येणार नाही. चौथे: मोकळ्या माणसाला मारणे जसा गुन्हा, तसाच गुलाम म्हणवल्या जाणाऱ्याला मारणे हाही गुन्हा.

दुसऱ्या कलमाची खुबी पाहा. धन्यांनो, गुलाम सोडा, असे ते म्हणत नाही. ते म्हणते, तुमचा हक्कच आम्ही मानत नाही. जो हक्क कोर्ट मानत नाही, तो सोडण्यासाठी मुक्तिपत्र कशाला हवे? ना मृत्युपत्र, ना साक्षीदार, ना घागर. दासाने उंबरा ओलांडून चालू लागावे. धन्याला त्याच्यामागे सरकार धाडता येणार नाही. पुढे १८६२ पासून अंमलात आलेल्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. गोव्यात १८६९ साली गुलामी रद्द झाली. पण सुटलेल्यांवर जुन्या धन्याकडेच राबण्याचे बंधन राहिले होते, ते दूर करण्यासाठी १८७५ साली आणखी एक कायदा करावा लागला.

मग सगळे सुटले का? नाही. उंबरा ओलांडला तरी जायचे कुठे? जमीन नाही, घर नाही. पोटासाठी उचल घ्यावी लागे. उचल फिटेपर्यंत राबायचे, आणि ती फिटायची नाही. बाप मेला की मुलाने त्या जागी उभे राहायचे. माणसाची मालकी गेली, पण कर्जाच्या रूपाने ती मागच्या दाराने परत आली. म्हणून १९५० साली आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठ आणि सक्तीची मजुरी बंद केली. आणि २५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा १९७६ चा कायदा लागू झाला.

या कायद्यात आपल्या तिन्ही जुन्या गाठी सोडवलेल्या आहेत, त्या नीट समजून घ्या. कर्जाची गाठ: वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपली, ते वसूल करता येत नाही. वारसाची गाठ: बापाने घेतलेल्या उचलीपायी मुलाला राबवणे हीही वेठबिगारीच, असे कायदा नाव घेऊन सांगतो. पुराव्याची गाठ: हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे मजुराने नव्हे, तर सावकाराने किंवा मालकाने सिद्ध करायचे. जुन्या काळी सुटलेला माणूस कागद शोधत फिरे. आता कागद शोधायची पाळी धन्यावर आली. हा फरक लहान नाही.

यावर कुणी विचारील, मग उचल घेतलेला प्रत्येक मजूर वेठबिगार समजायचा का? तसे नाही. नुसती उचल घेणे-देणे हा गुन्हा नव्हे. खूण अशी ओळखा: उचलीच्या बदल्यात मजुरी नाही किंवा नाममात्र आहे, दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नाही, किंवा मनाला येईल तेथे जाता-येता येत नाही. यांतली एक गोष्ट असली तरी पुरे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीही सक्तीची मजुरीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामासंबंधीच्या निकालात सांगितले आहे.

समजा, गावाजवळच्या वीटभट्टीवर एक कुटुंब राबते आहे. कारभारी म्हणतो, "हिशेब पुरा कर, मग जा." ओळखपत्र त्याने ठेवून घेतले आहे. बाजाराला जाताना मुलाला मागे ठेवून घेतो. अशा वेळी काय करावे? तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांना कळवावे. चाकणचे लोक खेड तालुक्यात मोडतात, त्यांचे तहसील कार्यालय राजगुरुनगरला आहे. जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला या कामी दक्षता समिती नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. फुकट कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८. सुटलेल्या कुटुंबाच्या पुनर्वसनासाठी सरकारी योजनेतून आर्थिक मदत मिळते. आणि लक्षात ठेवा, सुटण्यासाठी त्याने आधी उचल फेडली पाहिजे असे मुळीच नाही. तसे राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मृत्युपत्राबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण विषय तेथून निघाला. आज मृत्युपत्र करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा आणि दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या कराव्यात. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही; केली तर पुढचे तंटे वाचतात. त्यात जमीन लिहा, घर लिहा, दागिने लिहा. पण माणूस लिहिता येत नाही, आणि माणसाची मेहनतही लिहिता येत नाही. "अमक्याकडून इतकी उचल येणे आहे, ती फिटेपर्यंत त्याने माझ्या मुलाकडे राबावे," असे कुणी लिहिले, तर त्या ओळीची किंमत शून्य.

गुरुजनांना एक विनंती आहे. वर्गात हा विषय निघाला तर मुलांना एवढेच विचारा: दास सुटावा म्हणून धन्याने घागर फोडली, हे चांगले केले ना? मुले हो म्हणतील. मग विचारा: आणि नसती फोडली, तर? मुले गप्प झाली की समजा, त्यांना १८४३ च्या कायद्याचे मर्म कळू लागले. दयाळू धनी भेटणे हे नशीब झाले. धन्याच्या दयेची गरजच न उरणे, हा हक्क. तो आपल्याला मिळालेला आहे. तो ज्याला ठाऊक नाही, त्याला तो सांगणे हे तुमचे-आमचे काम आहे.